एचडी १८९७३३ बी : २०० मिमी लेन्सने तप्त गुरूचं अधिक्रमण मोजणं (प्रकल्प नोंदी, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४)

२२ सप्टेंबर २०२४ : लक्ष्य आणि वेळापत्रक

जागा अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याच्या उत्तरेला, गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेलं वावर. अक्षांश साधारण २१.३ अंश उत्तर. परतवाड्याचा उजेड दक्षिणेच्या क्षितिजावर दिसतो. पश्चिम आणि वायव्य मोकळी आहे. तारा रात्रीच्या पूर्वार्धात तिकडेच कलणार असल्याने हीच जागा धरली.

काम असं: दूरच्या ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारा वायूचा मोठा ग्रह (तप्त गुरू) ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे अधिक्रमणात, ताऱ्याचा प्रकाश किती घटतो, ते साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने मोजायचं. ग्रह कोणत्याही फोटोत दिसणार नाही. दिसेल ती फक्त प्रकाशातली घट.

लेन्स लहान, म्हणून तारा तेजस्वी हवा आणि घट खोल हवी. या दोन अटींत दोन नावं बसतात. एचडी २०९४५८ बी हा ताऱ्यासमोरून जाताना टिपलेला पहिला ग्रह (१९९९). त्याची घट साधारण १.६ टक्के आणि अधिक्रमण तीन तासांचं. दुसरा एचडी १८९७३३ बी, २००५ साली फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून सापडलेला. घट जवळजवळ २.४ टक्के, काळ १ तास ५० मिनिटं. दोन्ही तारे ७.७ प्रतीच्या आसपास (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). दुसरा घेतला. ग्रह आपल्या गुरूपेक्षा थोडाच मोठा आहे, पण त्याचा तारा सूर्याच्या पाऊण पटीहून किंचित मोठा, नारिंगी वर्णाचा. तारा लहान असल्याने तेवढाच ग्रह जास्त प्रकाश अडवतो.

वास्प-३३ चाही विचार झाला. तारा ८.३ प्रतीचा, ग्रह सव्वा दिवसात फेरी मारतो. पण तो तारा स्वतःच स्पंदन पावतो, त्यामुळे ग्रहाची घट आणि ताऱ्याचं स्पंदन लहान लेन्सने वेगळं काढता येत नाही. भारताने ज्याला ‘संतमस’ हे नाव दिलं तो ग्रहही तप्त गुरूच आहे. त्याच्या ताऱ्याला शास्त्रज्ञ विभा चौधुरी यांच्यावरून ‘विभा’ म्हणतात. मुलांना तोच मोजायची इच्छा आहे, पण त्याचं अधिक्रमण दिसलेलं नाही, म्हणून या पद्धतीला तो चालत नाही.

वेळापत्रकाचं गणित. ग्रहाची एक फेरी ५३ तास १४ मिनिटं ४५ सेकंदांची. नऊ फेऱ्या म्हणजे २० दिवसांना ४७ मिनिटं कमी. म्हणजे संध्याकाळी एक अधिक्रमण मिळालं की पुढचं बरोबर २० दिवसांनी, पाऊण तास आधी. या हंगामातली आपल्या कामाची अधिक्रमणं (भारतीय वेळ):

५ ऑक्टोबर : मध्य १९:०१, शेवट १९:५६. अर्धं संधिप्रकाशात.
१६ ऑक्टोबर : सुरुवात २०:२१, मध्य २१:१६, शेवट २२:११.
५ नोव्हेंबर : सुरुवात १९:३६, मध्य २०:३१, शेवट २१:२६.
२५ नोव्हेंबर : सुरुवात १८:५१, मध्य १९:४५, शेवट २०:४०.

शेवटच्या तिघांत अंतर ४७ नसून ४५ मिनिटांचं निघतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पृथ्वी या ताऱ्यापासून लांब जात असते, त्यामुळे प्रकाशाला दर खेपेला दोनेक मिनिटं जास्त लागतात. सूर्यमालेच्या केंद्राची वेळ देणारे तक्ते वापरले तर ही दुरुस्ती आपण करायची असते. न केल्यास वर्षभरात सहा मिनिटांपर्यंत चूक मागे-पुढे होते.

२८ सप्टेंबर : सामान

१८ मेगापिक्सेलचा जुना कॅनन डीएसएलआर, २०० मिमी एफ/२.८ लेन्स (वापरताना एफ/४), एका अक्षावर मोटर असलेला विषुववृत्तीय माउंट (कॅमेरा ताऱ्यामागे फिरवत ठेवणारा), इंटरव्हॅलोमीटर (ठरलेल्या अंतराने आपोआप फोटो काढणारा), १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन सीलबंद बॅटऱ्या, कॅमेऱ्यासाठी डमी बॅटरी आणि ७.६ व्होल्टवर बांधलेला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा), लॅपटॉप.

घरगुती लाइन वावरात ओढायची नाही. शेतीपंपाची थ्री फेज रात्री आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली-वर होतं. कॅमेरा मध्येच बंद पडला तर सेन्सर थंड होतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या काही फोटोंची पार्श्वभूमी वेगळी येते. एक बॅटरी कॅमेरा-माउंटला, दुसरी फक्त हीटरला.

माउंटची एक अडचण आपल्या अक्षांशाची आहे. ध्रुवतारा इथे फक्त २१ अंशांवर, त्यामुळे ध्रुवअक्ष जवळजवळ आडवा होतो आणि प्रतिवजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला अडतो. तिपाई फिरवून एक पाय दक्षिणेला आणि दोन उत्तरेला ठेवले, दांडा त्या दोघांमधून फिरतो. तिपाईचे पाय काळ्या मातीत रुततात. पायाखाली प्रत्येकी एक फरशीचा तुकडा आणि त्याखाली बोटभर मुरूम घातल्याशिवाय ध्रुवजुळणी तासभरही टिकत नाही.

५ ऑक्टोबर : चाचणी, फक्त शेवटची चढण

नवरात्र. मंडळाचे हॅलोजन गावाच्या बाजूने, आपल्या पाठीमागे. हवेत ओल भरपूर.

तारा शोधायची वाट: शर तारकासमूहाचं टोक धरायचं, तिथून तीनेक अंश उत्तरेला डंबेल तेजोमेघ (एम २७), त्याच्या पाव अंश पूर्वेला आपला तारा. २०० मिमी लेन्सच्या चौकटीत हे सगळं एकत्र येतं, म्हणून लक्ष्य चुकायची भीती नाही. जवळच जंबुक तारकासमूहातला १४ जंबुक हा ५.७ प्रतीचा तारा आहे. तो लगेच संतृप्त होतो (त्याचे पिक्सेल प्रकाशाने पूर्ण भरतात), तुलनेला घ्यायचा नाही. तुलनेचा तारा म्हणजे ज्याच्या प्रकाशाने आपल्या ताऱ्याचा प्रकाश भागायचा तो.

सेटिंग: आयएसओ ४००, ६० सेकंद, रॉ, पाच सेकंदांचा खंड. फोकस मुद्दाम बिघडवलेला, ताऱ्याची चकती १० पिक्सेल रुंद. नवीन माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण मोजणीत टोकदार तारा कामाचा नसतो. या सेन्सरवर हिरवा, लाल, निळा असे पिक्सेल एकाआड एक बसवलेले असतात. टोकदार तारा दोन-तीन पिक्सेलवर पडतो, माउंट जरा सरकला की हिरव्यावरून लाल पिक्सेलवर जातो आणि प्रकाश पाच-सात टक्क्यांनी बदलल्यासारखा दिसतो. चकती पसरवली की हा खेळ शंभरेक पिक्सेलमध्ये विरून जातो. शिवाय एकही पिक्सेल भरून वाहत नाही. चकतीतला सर्वांत उजळ पिक्सेल १०,००० च्या आसपास ठेवला, १२,००० च्या वर जाऊ द्यायचा नाही. संतृप्त पिक्सेल असलेला फोटो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

१९:३२ ते १९:५६ या पट्ट्यातली चढण (ग्रह ताऱ्यावरून बाहेर पडताना प्रकाश पुन्हा वाढतो ती) आलेखात अंदाजाने ओळखू येते, पण १९:४० नंतर सगळे तारे मिळून मंद होत गेले. लेन्सच्या काचेवर दहिवर साचलं होतं. फोकस रिंगही सरकली: तापमान उतरत गेलं तशी चकती १० वरून १३ पिक्सेल झाली.

९ ऑक्टोबर : दुरुस्त्या

हीटर: ३३० ओहमचे, एक वॅटचे १० रेझिस्टर समांतर जोडले. एकूण ३३ ओहम, १२ व्होल्टवर साधारण ०.३६ अँपिअर, म्हणजे ४.४ वॅट. सुती पट्टीत शिवून लेन्सच्या पुढच्या कडेला, हूडच्या आतून गुंडाळले. रेझिस्टरचे पाय उघडे राहिले तर लेन्सच्या धातूला लागून शॉर्ट होतात. प्रत्येकावर स्लीव्ह हवीच. हीटर काळोख पडायच्या अर्धा तास आधी सुरू करायचा. दव पडल्यावर सुरू केला तर काच सुकेपर्यंत वीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात ग्रह ताऱ्यावर जवळजवळ पूर्ण आलेलाही असतो.

फोकस रिंग चिकटपट्टीने बांधली. तरीही थोडी सरकेल, म्हणून मोजणीचं वर्तुळ चकतीपेक्षा मोठं ठेवायचं: त्रिज्या ९ पिक्सेल, पार्श्वभूमीचं कडं १५ ते २५ पिक्सेल.

फ्लॅट (चौकटीत उजेड कुठे कमी-जास्त पडतो ते दाखवणारे फोटो): मावळतीनंतर लगेच, लेन्सवर पांढरं सुती कापड दोन पदरी ताणून, पूर्वेच्या आकाशाकडे रोखून ३० फोटो. फोकस रात्रीइतकाच बिघडवलेला असायला हवा. डार्क फोटो (सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायला) रात्रीच्या शेवटी, टोपण लावून, त्याच तापमानाला २०.

घड्याळ: कॅमेऱ्याचं घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद चुकतं. सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवरच्या जीपीएस घड्याळाचा फोटो काढून ठेवायचा.

१६ ऑक्टोबर : कोजागरी

पौर्णिमेचं आकाश, चंद्र ताऱ्यापासून ६० अंशांहून लांब. पार्श्वभूमी कितीतरी वाढली, पण आपला तारा ७.७ प्रतीचा असल्याने चंद्राने फारसं बिघडलं नसतं. मंद ताऱ्याला ही सवलत नाही.

बिघडवलं ते पातळ ढगांनी. २१:४० नंतर पिंजलेल्या कापसासारखा पदर वायव्येकडून आला. डोळ्यांना चांदणं तसंच वाटत होतं. तुलनेचा तारा लक्ष्यापासून दोन अंशांवर असेल तर ढग त्याच्यावर वेगळा आणि लक्ष्यावर वेगळा, मग भागाकार करूनही ढग जात नाही. आलेखात २०:२१ नंतरची उतरण आणि तळाचा बहुतेक भाग मिळाला, पुढे नुसता विखुरलेला ठिपक्यांचा ढीग. हे अधिक्रमण निकालात धरायचं नाही.

जागल करणाऱ्यांच्या टॉर्चचा झोत अधूनमधून लेन्सवर येतो. रानडुकरांचा त्रास या दिवसांत जास्त असल्याने त्यांना थांबा म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. असा फोटो फक्त यादीतून काढायचा. साठ सेकंदांचा एक ठिपका गेल्याने काही बिघडत नाही.

२० ऑक्टोबर : तुलनेचे तारे

सगळ्या प्रकल्पाचा निकाल या एका निवडीवर ठरतो, असं आमचं ठाम मत झालं आहे. कॅमेरा, लेन्स, माउंट यांवर लोक पैसे घालतात. तुलनेचा तारा फुकट असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही.

पद्धत अशी: सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फक्त हिरवे पिक्सेल वेगळे काढायचे, अ‍ॅस्ट्रोइमेजजे या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लक्ष्य आणि तुलनेचे तारे मोजायचे, लक्ष्याचा प्रकाश तुलनेच्या बेरजेने भागायचा. हवा, धूळ, धूर सगळ्या ताऱ्यांवर सारखे असतील तर भागाकारात जातात. पण ‘सारखे’ हे रंगावर अवलंबून असतं. वातावरण निळा प्रकाश जास्त अडवतं. आपला तारा नारिंगी, आणि तुलनेला निळसर-पांढरा तारा घेतला तर लक्ष्य खाली कलत जाताना पांढरा तारा जास्त मंद होतो. भागाकारात आपला तारा हळूहळू उजळत गेल्याचा भास होतो. १६ तारखेच्या ढगाआधीच्या फोटोंवर हे करून पाहिलं: पांढऱ्या ताऱ्याशी तुलना केल्यास रेघ तिरकी, नारिंगी दोन ताऱ्यांशी केल्यास जवळजवळ सपाट.

ठरलेली अट: लक्ष्यापासून दीड अंशाच्या आत, प्रत ७ ते ८.५, बी-व्ही रंगांक (ताऱ्याच्या रंगाचं माप, जितका मोठा तितका तारा तांबूस) ०.८ ते १.१ (आपल्या ताऱ्याचा ०.९३), ज्ञात चलतारा नको. अटीत बसणारे तीन मिळाले. दोन तुलनेला. तिसरा तपासणीला, म्हणजे तो त्या दोघांशी भागल्यावर आलेख सपाटच आला पाहिजे. तो वाकडा आला तर ग्रहाबद्दल काहीही बोलायचं नाही.

आपला तारासुद्धा चलतारा आहे हे ध्यानात ठेवायचं. व्ही४५२ जंबुक या नावाने त्याची नोंद आहे. त्याच्यावर मोठे डाग आहेत, तो साधारण १२ दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि त्यासोबत प्रकाश एक-दोन टक्क्यांनी बदलतो. म्हणून एका रात्रीची पातळी दुसऱ्या रात्रीशी जुळवायची नाही. प्रत्येक रात्रीची शंभर टक्के पातळी त्याच रात्री, अधिक्रमणाआधी आणि नंतर मोजायची.

३० ऑक्टोबर

दिवाळीची धूळ-धुराची चाचणी. सोयाबीनच्या मळणीचं कुटार हवेत तरंगत असल्याने २५ अंशांखाली तारे पिवळट आणि अस्थिर दिसतात. फटाक्यांचा धूर गावाकडून येतो, पण जमिनीलगत थांबतो. तासाभरात तारा ८ पिक्सेल सरकला. ध्रुवजुळणी पुन्हा केल्यावर ३ पिक्सेल.

५ नोव्हेंबर : मुख्य रात्र

१८:२० हीटर सुरू. १८:५५ पहिला फोटो, तारा साधारण ६८ अंशांवर. चतुर्थीची कोर लवकर मावळली. वारा नाही.

१९:३६ च्या आधी ४० मिनिटांची पातळी मिळाली. आधीची पातळी तीस मिनिटांपेक्षा कमी असेल तर घट किती हे ठरवायला आधारच राहत नाही, म्हणून ही वेळ कधीही कापायची नाही. १९:४५ नंतर लॅपटॉपवर काढलेल्या कच्च्या आलेखातच उतरण दिसू लागली. २०:०० च्या सुमारास तळ.

२०:५० ला माउंटच्या बॅटरीचं व्होल्टेज ११.८ वर आलं. बदलली नाही. मध्येच बॅटरी काढली की माउंट थांबतो आणि तारे दुसऱ्या पिक्सेलवर जातात. शिशाच्या बॅटरीला ११.५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, तोवर चालते. शेवटी ११.६ होतं. पुढच्या वेळी १२ अँपिअर-तासाची.

२१:२६ ला शेवट अपेक्षित, तेव्हा तारा ३४ अंशांवर. २२:०० ला थांबलो, तेव्हा २६ अंश. दूरच्या वावरात गव्हाचं ओलीत सुरू होतं. पाणी दिलेल्या जमिनीवरून पातळ धुकं उठतं, पण ते ताऱ्याच्या वाटेत आलं नाही.

८ नोव्हेंबर : मोजणी

टॉर्चचे आणि विमानाचे फोटो वगळले. एका फोटोची विखुरण ०.४५ टक्के. पाच-पाच फोटोंची सरासरी घेतल्यावर ०.२ टक्के. यातला निम्मा भाग ताऱ्याच्या लुकलुकण्याचा आहे: लेन्सचं छिद्र फक्त ५ सेंमीचं, त्यामुळे हवेतली अस्थिरता पुरेशी सरासरी होत नाही. मोठ्या लेन्सने हाच त्रास सर्वांत आधी कमी होईल. तपासणीचा तारा सपाट.

निकाल: घट २.५ टक्के, कमी-जास्त ०.२. मध्य २०:३२, कमी-जास्त ३ मिनिटं, भाकीत २०:३१. ग्रह-ताऱ्याच्या त्रिज्यांचं गुणोत्तर म्हणजे घटीचं वर्गमूळ, ०.१५८. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.७८ पट धरली तर ग्रहाची साधारण ८६ हजार किमी, म्हणजे गुरूच्या १.२ पट. मोठ्या दुर्बिणींची मोजणी १.१३ ते १.१५ च्या आसपास आहे. आमची चूक-मर्यादा तिच्यापर्यंत पोचते.

आलेखाचा तळ सपाट नाही, किंचित गोलसर आहे. ताऱ्याची कड मध्यापेक्षा मंद असते, म्हणून ग्रह कडेवर असताना कमी आणि आत सरकल्यावर जास्त प्रकाश अडतो. उतरण आणि चढण प्रत्येकी साधारण २५ मिनिटांची, म्हणजे ग्रह ताऱ्याच्या मध्यातून न जाता बराच बाजूने जातो. सरळ मध्यातून गेला असता तर उतरण पंधरा-वीस मिनिटांत संपली असती आणि अधिक्रमण दोन तासांहून लांबलं असतं.

मुलांनी विचारलं म्हणून नोंदवतो: ग्रह ताऱ्यापासून सुमारे ४६ लाख किमीवर आहे. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ७९ लाख किमीवर. ग्रहाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. २००७ साली स्पिट्झर दुर्बिणीने त्याच्या उष्णतेचा नकाशा काढला, तेव्हा सर्वांत तापलेली जागा ताऱ्याच्या बरोबर खाली न सापडता पूर्वेकडे सरकलेली होती. वेगवान वारे उष्णता वाहून नेतात. त्यातलं काहीही आपल्या लेन्सला दिसत नाही, पण ज्या ग्रहाचा तो नकाशा आहे त्याचीच सावली आपण मोजली.

२५ नोव्हेंबर

सुरुवात १८:५१ ला, संधिप्रकाश जेमतेम संपत असताना. आधीची पातळी नाही. मध्याला तारा ३७ अंशांवर, शेवटी २५. थंडी वाढल्याने १९:३० पासूनच दहिवर, हीटरने काच कोरडी ठेवली. चढण २०:१५ ते २०:४० स्पष्ट. नंतरची पातळी वीसच मिनिटं वापरण्याजोगी, पुढे क्षितिजावरचा धूर. घटीचा आकडा यातून काढायचा नाही, फक्त शेवटची वेळ: २०:४१, कमी-जास्त ४ मिनिटं. ५ तारखेच्या शेवटापासून २० दिवसांना ४५ मिनिटं कमी हे गणित जुळतं.

३० नोव्हेंबर

१५ डिसेंबरचं अधिक्रमण १९:०० ला मध्यावर येतं, पण तारा ३० अंशांवर आणि शेवटी १८ अंशांच्या खाली. घेत नाही. या ताऱ्याचा हंगाम बंद.

पुढच्या हंगामासाठी: १२ अँपिअर-तासाची बॅटरी, फोकस रिंगला स्क्रूची पकड, तिपाईखाली कायमचा सिमेंटचा ओटा (धुऱ्यालगत, नांगर लागणार नाही असा), आणि एचडी २०९४५८ बी साठी तुलनेच्या ताऱ्यांची यादी आधीच तयार. त्याची घट १.६ टक्के असल्याने पाच मिनिटांच्या सरासरीत ०.२ टक्क्यांची विखुरण चालेल, पण तीन तासांचं अधिक्रमण आणि दोन्ही बाजूंची पातळी मिळून साडेचार तास आकाश सलग मोकळं लागेल. लेन्स आणि कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात ठेवले, बॅटऱ्या महिन्यातून एकदा चार्ज करायच्या.